पायलची सलाईन आन् गुंडाची मान

जा की कुंडलिक! माझ्या नवसामुळं तुझी पोरगी पायल बरी झाली म्हंतुस? मी काय केलं रं? कोंबडा हाय मी, डॉक्टर न्हाय! तू तिकडं बाजाराला गेलास म्हणून मी गप बसीन व्हय? मी गुंडा बोलतुय, तुझ्याच परड्यातला, डालग्याच्या टोपलीखालनं. वर दगूड बी ठिवलास. एवढं भ्या वाटतंय माझं?

उद्या मंगळवार. उद्या मला म्हसोबाला कापायचं, आन् उद्याच पायलची सोलापूरच्या दवाखान्यातली सलाईन. तू म्हंतुस, "आधी देव, दवाखाना बघू पुढं." हितंच माझं डोस्कं सटकतंय.

त्यो बाजारातनं येस्तवर तुमीच ऐका, मंडळी. मी ह्याच परड्यात अंड्यातनं भाईर आलो. सात भावंडांत मीच काळा, मीच भांडकुदळ. नाव पायलनं ठिवलं. बार्शीला कॉलेजला असायची, सुट्टीला आली की तळहातावर ज्वारी घिऊन बसायची.

माझी एक खोड सांगतो, हसू नगा. कुंडलिकच्या मोटरसायकलीच्या आरशात एक हरामखोर कोंबडा राहतुय. रोज सकाळी मी त्याला झोडपायचो. चोचीतनं रगात याचं, तरी माघार न्हाय. पायल पोट धरून हसायची. "आरं येड्या, त्यो तूच हाईस की!"

मग गेल्या दिवाळीनंतर पोरीचं बिघडलं. झोप न्हाय. भितीकडं बघून हसायची, मधीच रडायची, तोंड वाकडंतिकडं व्हायचं. मग बोलणंच बंद झालं. मी पायापाशी गेलो तर वळख न्हाय. मला!

गावानं ठरीवलं, भाईरची बाधा. बिरुदेव देवऋषी आला, माझं दोन्ही पाय धरलं आन् पोरीवरनं सातदा ओवाळलं. भूत कुटं गेलं म्हाईत न्हाय, पर माझं डोस्कं चार दिस गरागरा फिरत हुतं. सातव्या फेऱ्याला पायलला फिट आली. देवऋषी चप्पल सोडून पळाला! एक चप्पल अजून उकिरड्यावर हाय.

तवा सारजाबाई, कुंडलिकची आई, कडाडली, "त्यो कोंबडा ठिव खाली आन् पोरीला उचल. गाडी बोलीव!"

गाडीत बसायच्या आधी कुंडलिकनं मला छातीशी धरलं. म्हसोबाला म्हणाला, "पोरगी बोलली की हा तुझा." डोईची टोपी काढून भुईवर ठिवली त्यानं. म्हणून तवा मी चोच मारली न्हाय. आयुष्यात एकदाच.

पुढचं मला पायलनं सांगिटलं, घरी आल्यावर, फायल मांडीवर घिऊन. डॉक्टरीणबाईंनी पाठीतलं पाणी काढून तपासलं. म्हणाल्या, "मेंदूला सूज हाय. अंगातली जी ताकद बाहेरच्या रोगाशी लढती, ती चुकून हिच्याच मेंदूवर उठलीय."

मला लगीच कळलं! त्यो आरशातला कोंबडा! पोरीचं अंग सोताशीच भांडत हुतं, माझ्यावानी. भूत न्हाय, बाधा न्हाय.

पाच दिस स्टिरॉईडची सलाईन दिली. फरक न्हाय. मग मशीन लावून रगातातलं पाणी बदललं, पाचदा. मग ती भांडकुदळ ताकद थंड करणारी आणखी एक सलाईन. पोरगी माणसाकडं बघाया लागली, घास गिळाया लागली. पर बोलंना. कुंडलिक फरशीवर निजायचा, उशाला चप्पल.

दवाखान्यातल्या एक्केचाळिसाव्या दिवशी त्याचा फोन आला. सारजाबाई परड्यात फोन धरून वरडती, "पायल, बाळ, बोल गं!" मला वाटलं आपुन बी बोलावं. अशी बांग ठोकली, अशी ठोकली की म्हस बिथरली.

आन् फोनातनं आवाज आला. "गुंड्या... गप की!"

सारजाबाईचा फोन म्हशीच्या खुराकाच्या, आंबोणाच्या टोपल्यात! म्हातारी म्हशीच्या गळ्यात पडली, म्हशीनं तिचं कपाळ चाटलं. मी छपरावर, मी खाली, मी परत छपरावर! समद्या गावाला सांगत सुटलो, पोरगी बोलली, माझ्याशी बोलली!

मग एकदम ध्यानात आलं. पोरगी बोलली की हा तुझा. बोंबला.

आता सहा महिनं झालं, दवाखान्याच्या धावपळीत नवस तसाच राहिला. पायल चालती, गाणं म्हणती. अजून मधीच शबूद सापडत न्हाय. भाकरीला म्हणती, "ते गोल दे." मग चिडती, मग आमी दोघं बी चिडतो. डॉक्टरीणबाईंनी सांगिटलंय, लई जण बरं होत्यात, पर सावकाश. आजार परत उलटू शकतो. तारीख चुकवायची न्हाय, गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या न्हाईत.

आन् कुंडलिक, तू म्हंतुस, "बोलती की चांगली, आता कशाला सलाईन?"

मगाशी पायल डालग्यापाशी बसली हुती. बोट आत घालून म्हणाली, "आप्पा माझं ऐकंनात. गुंड्या, तूच सांग."

म्हणून सांगतुय. मान वाचवायला बोलतुय म्हणशील. व्हय, थोडं तसं बी हाय! मान माझी हाय, तुझी न्हाय. पर म्हसोबा बांधावर हाय, त्यो कुटं जात न्हाय. मी दगडाखाली हाय, मी बी कुटं जात न्हाय. तारीख मातर जाती.

सकाळी सातची एस.टी. हाय. फायल घे, पायलला घे, सोलापूरला जा.