दोनशे सात नंबरवरचं भिंग

ऑफिसात मला खोडरबर म्हणतात. बारा बस डेपो, चारशे बारा संगणक आणि ते सगळे सांभाळणारा मी एकटा, दुसऱ्या मजल्यावर झेरॉक्स मशीनच्या मागच्या खोलीत. कुणाच्या संगणकावर कोणतं सॉफ्टवेअर असावं आणि कोणतं नसावं, ते इथं बसून मी ठरवतो. ठरवतो म्हणजे साहेब ठरवतात. मी फक्त एक ओळ लिहितो, आणि शंभर किलोमीटरवरच्या डेपोतला पत्त्यांचा खेळ नाहीसा होतो. शिव्या मात्र मलाच पडतात. आठ वर्षांत शिव्यांची सवय झाली, थकव्याची झाली नाही.

गेल्या महिन्यात वरून फर्मान आलं, की मान्य यादीबाहेरचं एकही सॉफ्टवेअर कुठे दिसता कामा नये. रोज सकाळी सहाला आपोआप चालेल अशी सफाई मी लावून दिली. लोक कामावर यायच्या आत सगळं काढून मोकळं. दोन आठवड्यांत सगळे सरळ झाले. एकच मशीन ऐकेना, दोनशे सात. माझ्या पडद्यावर नुसते नंबर दिसतात, माणसं दिसत नाहीत.

त्या दोनशे सातवर भिंग होतं. म्हणजे अक्षरं मोठी करून दाखवणारा एक फुकटचा प्रोग्रॅम. संगणकात आधीपासून असलेलं भिंग आमच्या काही जुन्या प्रोग्रॅममध्ये चालत नाही, म्हणून कुणीतरी हे वेगळं टाकलं होतं. सहाला माझी सफाई ते काढायची, साडेआठला तिथलं माणूस यायचं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दहा दिवस हेच. म्हटलं, थांब, दाखवतो तुला. मी एक चौकट बनवली. भिंग टाकायला गेलं की ती पुढ्यात येणार, 'हे सॉफ्टवेअर मान्य यादीत नाही.' खाली दोन बटणं. 'रद्द' चांगलं ठळक, आणि 'पुढे' मुद्दाम बारीक, फिकट करड्या रंगात. खोटं कशाला बोलू, ते बटण करताना मला मजा वाटली होती.

तरीही भिंग परत येतच राहिलं.

बुधवारी साहेबांनी बोलावलं. "ते दोनशे सात कोणाचं आहे? उद्याच्या अहवालात नाव पाहिजे. नोटीस देऊ आणि जागेवरून हलवू. एकाला हलवलं की बाकीचे वळणावर येतात."

"देतो," म्हटलं.

खोलीत येऊन आधी त्या मशीनच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक मशीन आपल्यावर काय काय झालं ते वेळेसकट लिहून ठेवतं. सुरुवातीला लॉगिन आठ एकतीस, भिंग टाकून झालं आठ पस्तीस. चार मिनिटं, नेहमीसारखी. चौकट घातली त्या दिवशी एकोणीस. दुसऱ्या दिवशी सव्वीस, मध्ये तीनदा 'रद्द' दाबलेलं आणि तीनदा पहिल्यापासून सुरुवात. आज चाळीस मिनिटं.

आधी मी नेटवर्कला नावं ठेवली. मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. तिथलं माणूस मुजोर नव्हतं. ते बटण शोधत होतं. ज्याला भिंगाशिवाय अक्षर दिसत नाही, त्याला भिंग मिळवण्यासाठी मी ऑफिसातलं सगळ्यात बारीक अक्षर वाचायला लावत होतो.

रजिस्टर काढलं. दोनशे सात, वेळापत्रक विभाग. पुढे माझ्या थोरल्या बहिणीचं नाव.

आई गेली तेव्हा मी सातवीत होतो. पुढचं सगळं ताईनं केलं, ही नोकरीसुद्धा तिनंच शब्द टाकून मिळवून दिली. दर रविवारी तिच्याकडे जेवतो मी. मागच्या रविवारी मुलाचं पत्र माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "वाच रे, चष्मा आत राहिलाय." चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी तिला वेंधळी म्हणालो, तीही हसली. आता ते हसू आठवलं.

जेवणाच्या सुट्टीत खाली गेलो. ताई पडद्याला नाक लावून बसली होती. तळहाताएवढी अक्षरं, एका वेळी जेमतेम दोन गाड्यांच्या वेळा मावत होत्या.

"आज इकडे कशी वाट चुकलास?"

"सहज. डोळे कसे आहेत तुझे?"

तिचा माऊसवरचा हात थांबला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती म्हणाली, "दाखवलेत. गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकेल म्हणाले डॉक्टर. अक्षर मोठं केलं की एक चूक होत नाही माझी. पण इथं कळलं तर टपालं फोडायला बसवतील. चोवीस वर्षं गाड्यांच्या वेळा लावल्यात मी. तू कुठे बोलू नकोस."

त्या चौकटीचं कबूल करावं म्हणून तोंड उघडलं. पण "जेवून घे," एवढंच म्हटलं आणि वर आलो.

फुकटचं सॉफ्टवेअर मान्य यादीत घ्यायला माझ्या एकट्याची सही पुरते. आठ वर्षांत मी ती कधी केली नव्हती. गुरुवारी केली. चौकट काढली, भिंग यादीत घातलं आणि एका ओळीत चारशे बाराही मशीनवर टाकलं, साहेबांच्यासुद्धा. मग अहवाल नेऊन दिला.

"नाव कुठंय?" साहेबांनी विचारलं.

"यादीबाहेरचं आता कुणाकडेच काही नाही. ते भिंग यादीत घेतलं मी."

"कुणाला विचारून?"

"कुणाला नाही. नोटीस द्यायची तर मला द्या."

साहेबांनी कागद बाजूला ठेवला. "सोमवारी बोलू आपण," म्हणाले. ते बोलणं कसं असतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे.

शुक्रवारी लवकर येऊन बसलो. आठ एकतीस, दोनशे सात, लॉगिन. आठ एकतीस, भिंग उघडलं. त्या दोन ओळी मी कितीतरी वेळ बघत होतो.

फोन वाजला. ताई.

"आज गेलं नाही रे ते."

"आता नाही जाणार." मग कसाबसा धीर केला. "ताई, इतके दिवस ते मीच काढत होतो. ती चौकटही माझीच."

"माहितीये की. दुसरं कोण आहे तिथं?"

"मग बोलली का नाहीस? चाळीस चाळीस मिनिटं, ताई. एक फोन करायचास."

"आणि तू काय केलं असतंस? माझं तेवढं ठेवलं असतंस आणि साहेबांच्या तावडीत सापडला असतास." मग म्हणाली, "माझं काय, बटण सापडायचंच कधी ना कधी."