खिडकीच्या फटीतला वास

लिंबाची फोड तळलेल्या माशाला चिकटून बसली होती आणि तिच्याखालचं कुरकुरीत पीठ ओलं, मऊ होत चाललं होतं... ॲनेझा त्या ओल्या डागाकडेच पाहत राहिली, ताटली हातात धरून, उंबऱ्यातच. शेजारची जाकुमिना मावशी गल्लीच्या पायऱ्या उतरायलासुद्धा लागली होती.

"गरम आहेत तोवर खा गं! तळणाचा वास गेलाय तुझ्या नाकात, गर्भारशीला न देता खाल्लं तर मलाच लागायचं पाप!"

गर्भारशी. गल्लीने कपडे वाळवायच्या दोरीवरून हिशेब केला होता – ॲनेझाच्या दोरीवर महिन्याच्या घड्या वाळत दिसेनाशा झाल्या, तेव्हापासून ज्याच्या घरी कढई चढे तिथून ताटली येई. आणि नाही म्हणायला तिची जीभ उचलत नसे, कारण नाही म्हटलं की खरं सांगावं लागणार. खरं अथेन्सच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं – बाळ नाही, पाळीच गेली, चौतिसाव्या वर्षी, बहुधा कायमची. मग त्यांनी जन्मसाल विचारलं, गाव विचारलं. सिरोस बेट? बेचाळीस, युद्धातल्या उपासमारीचं साल? चष्मा काढून ते हळू आवाजात म्हणाले, मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. तेव्हा आई उपाशी असली तर... कदाचित. नक्की कुणीच सांगू शकणार नाही. तो 'कदाचित' तिने बोटीतून मांडीवर घेतल्यासारखा घरी आणला. नवऱ्याला सांगितलं. आईला कसं सांगणार होती?

आई – रोझीना – आत जुना स्वेटर उसवत बसली होती, इवले मोजे विणायला.

"जाकुमिना ना? आण इकडे, खा बघू."

"तूच खा."

"मला का डोहाळे लागलेत?" म्हातारी खुदकन हसली. "नशीब बघ पोरी. युद्धात धान्याची जहाजं बंद झाली त्या हिवाळ्यात तू माझ्या पोटात होतीस, आणि हीच बया मासे तळताना खिडक्या लावून घ्यायची. फटींत चिंध्या कोंबायची! वास माझ्यापर्यंत पोचला तर द्यावं लागेल ना."

"आणि तुला यायचा?"

"यायचाच. पोटुशीचं नाक ते!"

"राग नाही आला?"

"आला की. पण तिची पोरंही भुकेलीच होती. आणि चिंध्या कोंबायची म्हणजे लाज होती गं तिला. नसती तर उघड्या खिडकीत बसून खाल्लं असतं." लोकर गुंडाळता गुंडाळता, मीठ कमी झालं का असं विचारावं तशी ती म्हणाली, "मी नुसता पाला उकडून खायचे... तुला काही कमी नाही ना पडलं तेव्हा?"

ॲनेझाने तोंड उघडलं. इतकी वर्षं हा प्रश्न हिच्यापाशी होता तर – प्रत्येक तापात, प्रत्येक वाढदिवसाला, लग्नाच्या दिवशी वेणी घालतानासुद्धा... आणि आपण समजत होतो, आपणच हिच्यापासून काही लपवतोय. ती आईला खेटून बसली, अगदी लहानपणी बसायची तशी. आईच्या अंगाला लोकरीचा आणि कापराच्या गोळ्यांचा वास होता. सगळी बीजं तेव्हाच, डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे मी इथे होते, आणि माझ्यात ती... ती जी आता होणार नाहीत, त्यांनाही हिने वागवलं होतं, पाला उकडून, बंद खिडकीकडे नाक करून, बहुधा अशीच हसत. आपली मुलं कुठे कधी नव्हतीच, असं धरून ॲनेझा गेले कित्येक दिवस रडत होती. ती मुलं होती. या बाईच्या पोटात राहून गेली होती.

"बोल की गं," आई म्हणाली.

सांगायचं होतंच, आज नाही तर उद्या. पण मनात जुळवून ठेवलेलं ते वाक्य आता शोधूनही सापडेना, आणि नवं कुठून सुरू करावं हे काही केल्या कळेना... तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि तिथे रडू येत नव्हतं याचंच तिला नवल वाटत राहिलं.