हौशीचा कान

हौशी मेली तेव्हा सायलीनं पहिला फोन नवऱ्याला नाही, कल्याणला केला. बचत गटातल्या बायांच्या गाईंचा विमा उतरवणारा एजंट तो. हौशीच्या कानात पिवळा बिल्ला त्यानंच ठोकून घेतला होता. गटात कॉलेज शिकलेली सायली एकटीच. तिनं अर्ज वाचला असेल म्हणून बाकीच्या बायांनी सह्या केल्या, आणि कल्याणनं वाचला असेल म्हणून सायलीनं.

"वहिनी, उन्हाळा हाय, वास सुटंल. पुरून टाका. डॉक्टरचा कागद माझ्याकडं लागला," तो फोनवर म्हणाला.

सासूनं, चांगुणाबाईंनी, घोडेगावच्या बाजारातून स्वतः पारखून आणलेली ती गाय. त्यांनी खणानारळानं तिची ओटी भरली, कपाळाला हळदीकुंकू लावलं. बांधाकडेला खड्डा घेतला, वर मिठाची गोणी ओतली.

दीड महिन्यानं कंपनीचं पत्र आलं. डॉक्टरांनी मृत जनावर पाहिलेलं नाही, बिल्ल्यासह कान सादर केलेला नाही, सबब दावा नामंजूर.

"कान?" चांगुणाबाई दारातच खाली बसल्या. "ओटी भरलेल्या गाईचा कान कापायचा हुता व्हय?"

कल्याणनं हात वर केले. चौकात चार माणसांदेखत म्हणाला, "मी पुरा म्हणालोच न्हाई. शिकलेल्या बाईला अर्ज वाचता येईना, त्याला मी काय करू?"

माणसं हसली. ते हसणं बाभळीच्या काट्यागत सायलीच्या अंगात मोडून बसलं. दोन वर्षांच्या लेकीच्या, संस्कृतीच्या, वाटीत पिशवीच्या दुधात पाणी घालताना तिनं ठरवलं, भरपाई मिळो न मिळो, 'मी पुरा म्हणालो' हे त्याच्याच हातानं लिहून घ्यायचं.

घाई केली नाही. विम्याची मुदत संपायची वाट पाहिली, कारण तेव्हा त्याला बावीस बायांच्या सह्या पुन्हा लागणार होत्या. गटाच्या बैठकीच्या दोन दिवस आधी नवरा, सुनील, टेम्पो घेऊन राहात्याला गेला. विचारलं असतं तर तो नकोच म्हणाला असता. सायली कुदळ घेऊन बांधावर गेली. मागून चांगुणाबाई आल्या. आता या अडवणार, असं तिला वाटलं.

"तिथं कुठं खणतीस? डोकं उगवतीला हाय," त्या म्हणाल्या. पदर नाकाला बांधून त्यांनी फावडं उचललं.

लिंबानं, राखेनं, कशानंही हाताचा वास गेला नाही. दोन दिवस सायलीनं संस्कृतीला चमच्यानं भरवलं.

बैठकीला शाळेच्या ओट्यावर कल्याण कोरे अर्ज मांडून बसला. सायलीनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि शेजारी एक बशी. बशीत पिवळा बिल्ला.

"हे काय?"

"हौशी. नंबर वाचा."

त्यानं कप बाजूला सारला. "आता काय उपयोग, वहिनी? डॉक्टरनं बघितलंच न्हाई."

"तुम्हाला नसेल उपयोग. पुरा म्हणून कोण म्हणालं होतं?"

कल्याण कोरे अर्ज चाळायला लागला. गटातल्या म्हाताऱ्या विमलबाई पुढं सरकल्या. "आरं, शेण खाल्लं आसंल तर सांग की! आमच्या गाईच्या कानातबी तुझाच बिल्ला हाय."

त्यानं अर्जांकडं पाहिलं. एकावरही सही नव्हती. "घाईत म्हणालो आसंन," तो कसनुसा हसला.

"मग लिहा." सायलीनं गटाची ठरावाची वही उघडून पेन दिला. "त्याशिवाय एकही सही नाही."

त्यानं लिहिलं. डॉक्टरांना न दाखवता गाय पुरा असं मी सांगितलं, कागदाचं मी बघतो म्हणालो. खाली सही, तारीख. मग घाम पुसून अर्ज पुढं सारले. "आता तुमच्या?"

सायलीनं वहीचा मोबाईलवर फोटो काढला.

"कुणाला धाडता?"

"कंपनीला."

कल्याणचा आवाज उतरला. "वहिनी, माझं काम जाईल. घरी लहान लेकरू हाय."

सायलीचं बोट थांबलं. बोटाला अजून वास होता.

"माझ्याही घरी आहे," ती म्हणाली आणि फोटो पाठवून दिला.

चांगुणाबाईंनी बशीतला बिल्ला उचलून पदराच्या टोकाला बांधला. सायलीनं एक कोरा अर्ज ओढला, बायांना जवळ बसवलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागली. कल्याण उठायला लागला, तशी म्हणाली, "बसा भाऊ. तुम्हीही ऐका."