कॅरिअरवरची जागा

जात्यावरच्या आईचा आवाज भिकुबाईच्या कानात अजून तसाच होता. लग्नाच्या आदल्या पहाटे, नरडाण्याच्या घरी, पिठाच्या धारेसारखा न तुटता येणारा:

जवाई मना उना, लोखंडना घोडावर
लेक मनी बठनी, पदर उडे वारावर

लोखंडाचा घोडा म्हणजे सायकल. वडिलांनी ती धुळ्याहून आणली, काळीभोर, नवी कोरी, आणि भर मांडवात जावयाच्या हाती दिली. आईने हँडलला कुंकू लावलं. दृष्ट लागू नये म्हणून सीटखाली काळ्या दोऱ्यात बिब्बा बांधला. गळ्यातलं डोरलं लेकीचं, सायकल जावयाची. हे कोणी वेगळं सांगावं लागत नव्हतं.

जावई म्हणजे अभिमन. धुळ्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. गावाबाहेर उघड्या माळावर कॉलेज, त्याच आवारात दोन खोल्यांचा त्यांचा संसार. रविवारी उन्हं कलली की तो तिला कॅरिअरवर बसवून पांझरेच्या पुलापर्यंत न्यायचा. गज टोचतात म्हणून तिने जुन्या लुगड्याची उशी शिवली होती.

घरात समोरासमोर तिला बोलणं सुचायचं नाही. तो शिकलेला माणूस, बोलणं पुस्तकासारखं सरळ. आपल्या तोंडून मध्येच 'आहे'च्या जागी माहेरचं 'शे' निघेल या धास्तीने ती 'हो' आणि 'नाही'वर दिवस काढायची. कॅरिअरवर मात्र पुढे नुसती त्याची पाठ असायची. पाठीला काय लाजायचं? माहेरची म्हैस व्यायल्यापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत बठ्ठं, सगळं काही ती त्या पाठीला सांगायची. पाठ हसली की सदरा हलायचा. तेवढं तिला पुरायचं.

आणि एके दिवशी अभिमनच्या डोक्यात मोकळ्या सायकलींनी घर केलं. खेड्यापाड्यांतून येणारी पोरं आग्रा रोडवर एसटीतून उतरायची आणि उन्हात तंगडतोड करत कॉलेज गाठायची. वसतिगृह एका टोकाला, प्रयोगशाळा दुसऱ्या. तर जुन्या सायकली गोळा करायच्या, पिवळ्या रंगवायच्या, कुलूप लावायचं नाही, पैसा घ्यायचा नाही. फाटकावर उचलायची, जिथे काम तिथे ठेवायची. पुढचा येईल तो घेईल.

"सगळ्यांकडे मागतो आहे, तर आधी आपली द्यावी म्हणतो," ताटावर बसल्या बसल्या तो म्हणाला. "देऊ ना?"

भिकुबाईची तव्यावरची भाकरी जरा जास्तच करपली.

"तुमची सायकल. मला काय विचारता?" ती म्हणाली.

त्याने ते खरं मानलं. पुरुषाला सोयीचं ते खरं वाटतंच. उशी तेवढी घरी परत आली आणि कोनाड्यात पडून राहिली.

सायकली सुटल्या. वना शिपाई पाण्याची कळशी भरून द्यायला आला की खबरी आणायचा. "अक्का, पोरं त्यांना देवाचे वळू म्हणतात. वळू कोणाच्याही शेतात शिरतो, ह्या कोणाच्याही बुडाखाली!"

वना हसला. भिकुबाईने कळशी त्याच्या हातातून ओढूनच घेतली.

सगळ्या सायकली एकाच पिवळ्या रंगात न्हाल्या होत्या. पण तिची तिला उंबऱ्यातून ओळखू यायची, चाकाच्या कुरकुरीवरून. आज कोणी लठ्ठ्या बसलाय, उद्या कोणी दोघांना घेऊन चाललाय. ती दात आवळून तांदूळ निवडायची आणि खड्यांबरोबर चांगले दाणेही फेकायची. रविवार येत होते. अभिमन सायकलींच्या दुरुस्तीत बुडालेला. पाठच उरली नाही, तर बोलणार कोणाशी?

एका दुपारी ती डबा घेऊन निघाली, आणि मैदानाच्या कडेला तिचे पाय थबकले.

सायकलीवर राजकुंवर होती, आग्रा रोडवरच्या कापडवाल्या भिकमचंदांची मुलगी. सलवार-कमीज घातलेली, वेणी पाठीवर उड्या मारते आहे. आणि मागे कॅरिअर धरून, धापा टाकत, घामाने निथळत अभिमन धावतो आहे. "समोर बघा! चाकाकडे नको!" सीट खाली केलेली. त्याच्या उंचीची सीट त्या पोरीच्या उंचीची केलेली. आणि सीटखाली आईचा बिब्बा डुलतो आहे.

भिकुबाईच्या पोटात कोणी निखारा ठेवल्यासारखं झालं. कॅरिअर माझं. ज्या हाताने मला कधी उतरवताना धरलं, तो हात आज दुसरीच्या मागे धावतो आहे. शिकवणं असेल, पुण्य असेल, सगळं असेल. निखारा काही विझेना.

सायकल झाडाला टेकवून दोघं पाणी प्यायला गेली. ती पुढे झाली, वाकली, मागच्या चाकाचा व्हॉल्व काढला. हवा फुस्सकन निघून गेली. व्हॉल्व तिने पदराच्या गाठीत बांधला. कितीतरी दिवसांनी तिला त्या रात्री गाढ झोप लागली.

मग ती चटकच लागली. अभिमन नवा व्हॉल्व बसवायचा, ही संधी साधून काढायची. गाठ फुगत चालली.

"वसतिगृहातलं कोणीतरी खोडसाळ आहे," एका सकाळी अभिमन खाली मान घालून म्हणाला. "प्राचार्य म्हणाले, असंच चालणार असेल तर योजना बंद करा. नवल म्हणजे बाकीच्या धड आहेत. आपलीच तेवढी."

'आपली' म्हणाला तो. भिकुबाईने घास ताटात परत ठेवला.

त्याच दुपारी दारात कुरकुर वाजली. उन्हाने लालबुंद झालेली राजकुंवर बसलेल्या चाकाची सायकल ढकलत उभी होती.

"वहिनी, पाणी द्या ना. पुन्हा कोणी हवा काढली मेल्याने!"

भिकुबाईने तांब्या दिला. बस म्हणाली नाही.

"दुसरी घ्यायची. ढीग पडलाय बाहेर," ती तुटकपणे म्हणाली.

"हिच्यावरच हात बसलाय हो. आणि मला दिवस कुठे आहेत? दिवाळीनंतर माझं लग्न. जळगावला, दालमिलवाल्यांकडे. तिथे घुंगट घेऊन कोण सायकल चालवू देणार? म्हटलं, जन्मात एकदा वारा खाऊन घ्यावा." तिने तोंडावर पाण्याचा हबका मारला. "सर सांगत होते, ही तुमच्या लग्नातली. नशीबवान तुम्ही! तुम्हाला तर कधीपासून येत असेल चालवता?"

भिकुबाईची नजर सीटवर गेली.

सायकल घरात इतकी वर्षं होती. पुढे बसावं, हे तिच्या मनाला कधी शिवलंही नव्हतं. मागच्या गजासाठी ती जळत राहिली होती, आणि ही पोर दोन महिन्यांसाठी अख्खा वारा मागत होती. निखारा गेला नाही. फक्त त्याची धग आता दुसरीकडे लागू लागली.

"थांब," ती म्हणाली. पदराची गाठ दातांनी सोडवली. व्हॉल्व ओट्यावर घरंगळले.

राजकुंवर बघतच राहिली. आणि फाटकातून पंप घेऊन आलेला अभिमनही.

"भिकू? हे... तुझ्याकडे?"

राजकुंवरने तांब्या हळूच खाली ठेवला. भिकुबाईने मान वर केली. आज समोर पाठ नव्हती, चेहरा होता. पुस्तकी बोली तिला आठवेना, आणि तिने ती शोधलीही नाही.

"मीच काढात," ती म्हणाली. "मनी सायकल शे ती. मना बापनी दिन्ही, मना मायनी बिब्बा बांधा. तुम्ही इचारं, तवय मी बोलनी नही. माले देवानी नव्हती."

द्यायची नव्हती, हे आज ती चेहऱ्यासमोर बोलली होती.

"आते दिन्ही ते दिन्ही. बठ्ठासनी शे ना ती? मंग माले बी शिकाडा. मांगे नही बठाव मी. पुढे."