गुदगुल्यांची मशीन

मित्रांनो, काचेला नाक लावून बघा हवं तर, पण दांड्याला हात लावू नका. आधी माझं ऐका.

मी जुनी मशीन आहे, टेडी उचलायची. काचेच्या पेटीत टेडी भरलेले असतात. वरून लोखंडी पंजा खाली येतो, तुम्ही दांडा हलवून त्याला टेडीच्या डोक्यावर नेता. पंजा टेडी धरतो आणि सोडून देतो. बहुतेक वेळा सोडतोच. त्यासाठी पोरं मला शिव्या देतात. बरोबरच आहे त्यांचं.

दिल्लीकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मला जोडलं. तिथून नागपूरच्या एका मॉलमध्ये गेले. सहा वर्षं थंडगार हवेत. दर महिन्याला एक माणूस यायचा, माझं पोट उघडून एकेक तार तपासायचा. तेव्हा वाटायचं, हा उगाच छळतो. आता त्याची फार आठवण येते. काचेवर चरे पडले तसं मॉलवाल्यांनी मला विकलं. टेम्पोत बसून मी जाम नावाच्या गावी आले.

जामच्या चौकात हायवेला लागून आदेशचं हॉटेल आहे. पुढे जेवण, मागच्या हॉलमध्ये खेळ. उड्या मारायची जाळी, प्लास्टिकच्या बॉलचा हौद, गाड्यांचे दोन गेम आणि मी. वाढदिवस असला की आजूबाजूच्या गावांतली पोरं इथेच येतात. आदेश वाईट नाही, हसरा आहे. ज्याचा वाढदिवस त्याला एक डाव फुकट देतो. पण मी आले त्या दिवशी माझा प्लग त्याच्या बोर्डात बसेना. माझ्या प्लगला तीन पाय, बोर्डाला दोन भोकं. त्याने पक्कड आणली आणि वरचा जाड पाय मोडून टाकला.

तो पाय कशाला असतो, मित्रांनो? माझ्या अंगावर चुकून करंट आलाच तर तो त्या पायातून जमिनीत निघून जातो. पाय मोडला. रस्ता बंद झाला.

मग दांडा धरला की पोरांच्या हाताला बारीक झिणझिण्या यायला लागल्या. पोरं खिदळायची. म्हणायची, मशीन गुदगुल्या करते. तेच नाव पडलं. त्यांनी त्याचा खेळही काढला. एकाने दांडा धरायचा, बाकीच्यांनी हाताला हात धरून साखळी करायची, आणि शेवटच्याला गुदगुल्या पोचतात का बघायचं. खरं सांगते, मलाही ते आवडायचं. मॉलमध्ये कोणी मला नाव दिलं नव्हतं.

मार्चमध्ये माझ्या पोटात उंदीर शिरला. त्याने लाल तारेचं कातडं कुरतडलं. उघडी तार माझ्या अंगाच्या पत्र्यापासून केसभर लांब राहिली. हायवेवरून मोठा कंटेनर गेला की हॉल थरथरतो. मग तार पत्र्याला टेकायची आणि सुटायची. तेव्हापासून मी घाबरून असते.

पहिल्यांदा ती टेकली तेव्हा मनकर्णाबाई माझी काच पुसत होत्या. त्या हॉटेलची साफसफाई करतात. त्यांचा हात झटकन मागे गेला.

"भाऊ, हे मशीन चावते. कोपरापर्यंत हात बधिर झाला माहा."

आदेश मोबाईलमध्ये होता. "चप्पल घालून पुसत जा न मावशी."

"घरी कुलर चावते, इथं मशीन चावते. चावून चावून खाऊन टाका मले."

दोघंही हसले. दुसऱ्या दिवसापासून मावशी चप्पल घालून पुसायला लागल्या. माझं पोट कोणी उघडलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात आचलचा वाढदिवस आला. अकरावा. समुद्रपूरहून दोन ऑटोत आचलसकट नऊ पोरं, आचलची आई मोहिनी आणि आचलचे आबाजी, म्हणजे आजोबा, रूपराव. रूपरावांची भाजीची वाडी आहे. केक कापून झाला. फेस उडवून झाला. पोरं चपला काढून बॉलच्या हौदात शिरली आणि तशीच अनवाणी माझ्याकडे आली.

त्या दिवशी हॉलमधल्या कुलरची टाकी गळत होती. पाणी फरशीवरून वाहत माझ्यापर्यंत आलं होतं. ते मला दिसत होतं.

"आचल, पहिला नंबर तुहा," पियुष म्हणाला. तो तिच्या वर्गातला. "ज्याचा बड्डे तो दांडा पकडते."

"मी काऊन? तू पकड न."

"घाबरली काय?"

"मी कायले घाबरू?"

पियुषने तिचा डावा हात धरला. त्याचा हात जयाने धरला. बघता बघता नऊ जणांची साखळी झाली. अठरा ओली पावलं.

तेवढ्यात बाहेरून कंटेनर गेला. हॉल थरथरला. तार पत्र्याला टेकली. आणि या वेळी ती सुटली नाही.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला एकच गाणं येतं, टुणटुणटुण, पोरांना बोलवायचं. ते वाजतच होतं. आचलचा उजवा हात पुढे आला. वीतभर अंतर राहिलं असेल.

"चाल बाई, आईनं ओवाळाचं ताट लावलं." मागून रूपराव आले.

"एक मिनिट आबाजी. गुदगुल्या पाहून येतो."

"कायच्या गुदगुल्या?"

"मशीन करते न. मुंग्या येतात हाताले."

रूपराव जागीच थांबले. आवाज एकदम खाली गेला. "हात मागं घे. आचल, हात मागं घे म्हन्तो मी."

तिने हात मागे घेतला. काउंटरवरून आदेश हसत म्हणाला, "काई नाई होत काकाजी. रोजचंच हाय. पोट्ट्याइले मजा येते."

"आमच्या विहिरीवरच्या मोटारच्या पेटीलेई मुंग्याच येत होत्या, बावा. पंधरा दिवस आमीबी हासलो. मंग बैल उभ्याचा पडला."

त्यांनी पोरांना पार जाळीपर्यंत मागे सरकवलं. पायात रबरी चप्पल आहे ना, ते बघितलं. डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा उलटा केला. मोटारीवर काम करणारे शेतकरी असंच बघतात. करंट लागला की मूठ आवळते. तळहात लावला तर हात चिकटून राहतो, उलटा लावला तर झटकून निघतो.

त्यांच्या बोटांची पाठ माझ्या पत्र्याला टेकली.

मी त्यांना मारलं. मला मारायचं नव्हतं. त्यांचा हात उडाला आणि ते मागच्या खुर्चीवर आदळून खुर्चीसकट खाली पडले. आचल धावली.

"तिथंच राय." ते पडल्या पडल्या म्हणाले. "पान्यात पाय नको देऊ. मशीन बंद करा आधी."

 मनकर्णाबाई धावत गेल्या आणि त्यांनी हॉलचं मेन बटन पाडलं. माझं गाणं मधेच तुटलं. कुलर थांबला. मोहिनीच्या हातातल्या ताटात तेवढा दिवा जळत होता.

रूपराव उठून बसले. प्लग मागून घेतला. "याचा तिसरा पाय कुठं गेला?"

"मीच मोडला काकाजी. बोर्डात बसत नव्हता."

रूपराव रागावले नाहीत. हात चोळत म्हणाले, "नऊ पोट्टे आनले होते. नऊच वापस नेतो."

 मग आदेशनेच रूपरावांना गाडीवर दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं.

दुसऱ्याच दिवशी बंडूजी इलेक्ट्रिशियन आले. तार बदलली. तीन पायांचा प्लग, तीन भोकांचं बोर्ड. हॉटेलमागे खड्डा खणून त्यात पाइप उभा केला, भोवती मीठ आणि कोळसा भरला. माझ्या तिसऱ्या पायाची तार तिथे जमिनीला जोडली. आठवड्याने रूपराव मुद्दाम बघायला आले. आदेशला म्हणाले, "उन्हाळ्यात हा खड्डा सुकते. सुकल्या मातीत करंट उतरत नाई, मंग खड्डा बेकार. रोज एक बादली पानी टाकजो."

आदेशने बारा दिवस टाकलं. मग लग्नाच्या ऑर्डरी आल्या, तर मावशींना सांगितलं. मावशी आता लेकीकडे वडनेरला गेल्या आहेत. चार दिवस झाले. खिडकीतून मला खड्डा दिसतो. त्याच्या कडेची माती तडकली आहे. आणि माझ्या पोटात परत उंदराची खुडखुड चालू आहे.

मित्रांनो, कुठल्याही मशीनने हाताला मुंग्या आल्या तर हसू नका. लगेच मोठ्या माणसाला सांगा. तो हसला तर दुसऱ्याला सांगा.

आत्ता बाहेर एक ऑटो थांबला. आधी फुगे उतरले, मग पोरं. ती जाळीपाशी चपला काढत आहेत. नळ खड्ड्यापासून दहा पावलांवर आहे, बादली नळाखालीच आहे. आदेशला सांगा. कोणीतरी आधी मागे जाऊन खड्ड्यात पाणी ओता.