दोनदा आत, एकदा बाहेर

अवकाशयानांच्या तळावर वारा मोजायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं, आणि सगळे त्यांना छत्रीबुवा म्हणत. कारण साधं होतं. वादळ येणार म्हणून त्यांनी एकाच महिन्यात दोनदा अख्खं यान उड्डाणमंचावरून शेडमध्ये ओढायला लावलं, आणि दोन्ही वेळा थेंबही पडला नाही. यान ओढायचं म्हणजे काय खेळ नव्हे. मुंगीच्या पावलानं सहा तास लागत. लोकांनी त्यांची यथेच्छ टर उडवली.

तिसऱ्या खेपेला मात्र गारा पडल्या, चांगल्या लिंबाएवढ्या. यान बाहेरच होतं. इंधनाच्या टाकीवरच्या फोमला शेकडो खळगे पडले. पुढचे दोन महिने परांचीवर बसून ते बुजवले. छत्रीबुवा खडूनं खळग्याभोवती गोल काढत, आणि लेप भरणारी एक मुलगी म्हणे, "अहो, इथे कुठाय खळगा? उगाच काम वाढवू नका." त्या मुलीशीच त्यांनी लग्न केलं. काय दिवस होते ते! घरात ही गोष्ट शंभरदा सांगून झाली होती, आणि दर वेळी तिची सुरुवात "गारा अगदी अचानक आल्या" अशीच व्हायची.

बायको जाऊन आता चार वर्षं झाली होती. लेक त्याच तळाची प्रमुख होती. दुपारी तिचा फोन आला, आवाज पडलेला.

"बाबा, ढग भरून येतायत, रात्री वादळ होईलसं दिसतंय. मागच्या आठवड्यात यान आत घेतलं नि लख्ख ऊन पडलं. सगळे हसतायत. आता परत घेऊ, की राहू दे? दहा मिनिटांत ठरवायचंय."

छत्रीबुवांपुढे पेच पडला. खरं सांगावं तर इतक्या वर्षांची लाडकी गोष्ट नासणार. न सांगावं तर पोरगी लाजेखातर यान बाहेर ठेवणार.

"गारा अचानक नव्हत्या आल्या गं," ते म्हणाले. "सकाळीच वाऱ्याचा आकडा हद्दीबाहेर गेला होता. लोक पुन्हा हसतील म्हणून मी गप्प बसलो."

ती पलीकडे कुणावर तरी ओरडली, "यान आत घ्या! हो, आत्ताच!"

"तुझ्या आईलाही हे कधी सांगितलं नाही मी."

"तिला माहीत होतं, बाबा. त्या दिवसाची तुमची नोंदवही तिनं लग्नाआधीच पाहिली होती."

"मग बोलली का नाही कधी?"

"म्हणायची, सुरुवातीलाच जरा अडखळतात ते. एक दिवस तिथेच थांबतील आणि खरं सांगतील. म्हणून तर तुम्हाला ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लावायची."