मागाच्या खड्ड्यातले पाणी

महानगरपालिकेला शिव्या घातल्याशिवाय बाबनरावांचा चहा घशाखाली उतरत नसे. गोळीबार चौकामागच्या गल्लीत गटार तुंबले की ते ओट्यावर उभे राहून म्हणत, "डास पाळून राहिले हे लोक!"

फवारणीवाले आले तेव्हा मात्र त्यांनी मागाची खोली उघडली नाही. तिथे वडिलांचा हातमाग होता. विणकाम कधीच सुटले होते, तरी मागाला रोज उदबत्ती लागे आणि परक्या माणसाने आत गेलेले त्यांना खपत नसे. "आमच्या घरी डास नाई गा, तिकडं गटारात पाहा," म्हणत त्यांनी माणसांना वाटेला लावले.

पावसाळा सरता सरता नूपुर, त्यांची नात, आजारी पडली. आधी हुडहुडी, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. मग अंग भाजायचे, मग घामाने फ्रॉक भिजायचा. दुसऱ्या दिवशी पोरगी खेळायला लागली म्हणून घर निर्धास्त झाले, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिची आई, म्हणजे बाबनरावांची सून हर्षा, पॅथॉलॉजीत रक्त तपासायची. तिने नमुना नेला आणि परत आली ती पांढरीफटक होऊन. मलेरिया! अंगातले रक्त इतके घटले होते की लेकीला त्याच दुपारी भरती करावे लागले.

"मलेरिया गडचिरोलीच्या जंगलात राहते," त्या संध्याकाळी घरी बाबनराव म्हणाले. "इथं काहून येईन?"

"डासाच्या अंगात तो जन्मापासून नसते, मामाजी," हर्षा म्हणाली. "आजारी माणसाले चावला का त्याच्या रक्तातून जंतू घेते. डासाच्या पोटात ते वाढतात. मंग तो दुसऱ्याले चावते. जंतू पयले यकृतात लपतात, मंग रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडतात, तवा हुडहुडी भरते. दरसाल साऱ्या जगात लाखो लोक जातात यानं, जास्त करून लहान लेकरं. आपल्या नूपुरच्या आधी कोण आजारी होतं, तेवढं सांगा."

बाबनराव उठून ओट्याकडे निघाले. शेवटी त्यांची बायको रुखमाबाईच बोलली. "हेच होते वं. गडचिरोलीकडच्या कुरखेड्याच्या लग्नावून आले तवापासून थंडी वाजून राहिली. दुकानातून गोळ्या आणल्या, बरं वाटलं का सोडून देल्या. कोणाले सांगू नको म्हणे."

हर्षाने त्यांचेही रक्त तपासले. तेच जंतू.

मग तिने चपला काढल्या आणि मागाच्या खोलीत गेली. विणताना पाय सोडायला मागाखाली खड्डा असतो. त्यावर टाकलेल्या फळ्या तिने उचलल्या, मोबाईलचा दिवा आत धरला आणि सासऱ्यांना हाक मारली. पावसाचे पाणी जमिनीतून पाझरून खड्ड्यात साचले होते. तळ दिसेल इतके निर्मळ पाणी, आणि त्यावर आडव्या पडलेल्या बारीक अळ्या वळवळत होत्या.

"हा मलेरियाचा डास गटारात सहसा अंडी घालत नाई, मामाजी. त्याले असं साफ पाणी लागते."

बाबनराव खड्ड्यावर वाकले. डास त्यांच्या मागाखाली जन्मले होते आणि विष त्यांच्याच रक्तातून उचलले होते. ज्या खोलीत त्यांनी कुणाला पाऊल टाकू दिले नाही, तिथूनच नातीचा जीव धोक्यात आला होता. त्यांना आपल्या सकाळच्या शिव्या आठवल्या आणि तोंड लपवावेसे वाटले.

माग तसाच ठेवून त्यांनी पाणी उपसले आणि वडिलांनी खणलेला खड्डा स्वतःच्या हातांनी मातीने बुजवला. फवारणीवाल्यांना हात जोडून परत बोलावले. औषध मात्र या खेपेला शेवटच्या गोळीपर्यंत घेतले.

नूपुरला हळूहळू उतार पडला. दवाखान्याच्या खाटेवरून तिने विचारले, "आजोबा, मले ताप कोणी देला?"

रुखमाबाई काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होती. बाबनरावांनी तिला थांबवले.

"मीनं देला, बाई."

मंडळी, थंडी वाजून ताप आला की तो अंगावर काढू नका, लपवू नका. रक्त तपासा, औषध पुरे करा आणि साचलेले पाणी आधी आपल्या घरात शोधा. आपण दडवलेला ताप आपल्यापाशीच राहत नाही, तो घरातल्या सर्वांत लहान जिवापर्यंत जातो.